हद्दीपलीकडचं घर

पौड रस्त्यानं चांदणी चौक ओलांडून मुळशीकडं निघालं की बावधन संपतं आणि भूगाव सुरू होतं. नेमकं कुठं, ते रस्त्यावरून पाहून सांगता येत नाही. इमारती तशाच, किराणा-मेडिकलची दुकानं तशीच, वाहनांची रांगही तीच. पण या दोन गावांच्या मधून एक सरकारी रेघ जाते. तिच्या अलीकडं पुणे महापालिका आणि पलीकडं ग्रामपंचायत. अलीकडच्या सदनिकेला महापालिकेचा मिळकतकर लागतो, पलीकडच्या सदनिकेला ग्रामपंचायतीची घरपट्टी. घर नावावर करताना भरायचं मुद्रांक शुल्कही दोन्हीकडं सारखं नाही. उत्तरेला हीच रेघ मुळा नदीच्या आधारानं जाते. एका काठाला महापालिकेतलं महाळुंगे, दुसऱ्या काठाला हिंजवडी आणि माण.

मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेवरची भूगाव, भुकूम, पिरंगुट, हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे ही गावं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, ती या रेघेमुळंच. शहरात घर परवडत नाही म्हणून माणसं हद्द ओलांडून पलीकडं गेली. विदर्भ-मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेली तरुण जोडपी त्यांत आहेत, कोथरूडला भाड्यानं राहून कंटाळलेली कुटुंबं आहेत, निवृत्तीनंतर मुंबईची छोटी जागा विकून मोकळ्या हवेत आलेले ज्येष्ठही आहेत. घर स्वस्त आणि कर कमी, हे हिशेबाचे दोन्ही आकडे पलीकडच्या बाजूनं बोलत होते.

जगात हा हिशेब नवा नाही. अमेरिकेत तो राज्यांच्या पातळीवर चालतो आणि तिथल्या मराठी घरांनाही तो चांगला ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात राज्याचा स्वतंत्र आयकर आहे आणि सर्वांत वरच्या टप्प्यात तो १३.३ टक्क्यांपर्यंत जातो. टेक्ससमध्ये राज्याचा आयकरच नाही. त्यात सिलिकॉन व्हॅलीतल्या एका लहान घराच्या किमतीत ऑस्टिन किंवा डॅलसच्या आसपास अंगणासह मोठं घर येतं. ओरॅकल, टेस्ला यांसारख्या कंपन्यांनी मुख्यालयं टेक्ससला नेली आणि माणसंही गेली. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१९ चं अधिवेशन डॅलसला भरलं, यावरून तिथल्या मराठी वस्तीचा अंदाज यावा. पण तिथं गेल्यावर कळणारी गोष्ट अशी की आयकर नसलेलं राज्य खर्च भागवण्यासाठी घरावर हात टाकतं. टेक्ससमध्ये घराच्या बाजारमूल्याच्या साधारण दीड ते दोन टक्के रक्कम दर वर्षी मालमत्ता करात जाते. उलट कॅलिफोर्नियात १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या जनमतानं हा कर खरेदी किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास बांधून टाकला आहे. एका खिशातला कर वाचला की दुसऱ्या खिशातून जातो. जायचं की नाही, हे मग उत्पन्न किती आणि घर केवढं, यावर ठरतं.

भारतात राज्य बदलून आयकर वाचवता येत नाही. तो केंद्राचा आहे. पुण्यातल्या अभियंत्यानं हैदराबादची नोकरी धरली तरी आयकर तोच राहतो. सिक्कीमच्या मूळ रहिवाशांना मिळणारी सूट ही त्या राज्याच्या १९७५ मधल्या विलीनीकरणाच्या इतिहासातून आलेली आहे. बाहेरून जाऊन राहणाऱ्याला ती मिळत नाही. राज्यागणिक बदलणारा, पगारावरचा एकच कर म्हणजे व्यवसाय कर, आणि राज्यघटनेनं त्यावर वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते त्यासाठीच. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान इथं तो नाही. म्हणजे पुण्याहून गुरुग्रामला बिऱ्हाड हलवणाऱ्याचे वर्षाला अडीच हजार वाचतात, त्याहून जास्त नाही.

या छोट्याशा करामागची कथा मात्र सांगण्याजोगी आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी योजना उभी केली. तिच्या मागं विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा विचार आणि आग्रह होता. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा लागणार, म्हणून १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून भरलेला हा कर आहे. पगारपत्रकावर त्याची ओळ दिसते तेव्हा हे कुणालाच आठवत नाही, ही खेदाची बाब आहे.

पगारावरच्या आयकरात वाव नाही म्हटल्यावर राज्यांच्या सीमांवरची चढाओढ दुसऱ्या वाटांनी चालते. मुंबई-ठाण्याचे कितीतरी कारखाने एकेकाळी सिल्वासा आणि दमणला गेले ते तिथल्या विक्रीकराच्या आणि आयकराच्या सवलतींसाठी. कोल्हापूरच्या उद्योजकांनी विजेच्या दरावरून कर्नाटकात जाण्याचा इशारा दिला होता. भिवंडीची गोदामं मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर राहूनच फोफावली. माल पलीकडं उतरवायचा आणि लागेल तेवढाच आत आणायचा, हा त्यामागचा सोपा हिशेब. जकात गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला, तरी भिवंडीची गोदामं तिथंच राहिली, कारण तोवर तिथं रस्ते, हमाल, वाहतूकदार असं सगळं जाळं उभं राहिलं होतं. कराच्या लोभानं झालेली वस्ती कर गेला म्हणून उठत नाही. हिंजवडीबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

गाड्यांचं असंच. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर लागतो. दुसऱ्या राज्यात तो कमी असला की तिथला पत्ता दाखवून गाडी नोंदवण्याचा मोह होतो. केरळमध्ये २०१७ मध्ये अशी प्रकरणं गाजली. महागड्या गाड्या पुदुच्चेरीच्या पत्त्यांवर नोंदलेल्या निघाल्या. कायदा सांगतो की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. नोकरीनिमित्त खरोखरच राज्यं बदलत राहणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका आली. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. हिंजवडीच्या वाहनतळांत या पाट्या आता सहज दिसतात.

तर, भारतातल्या सामान्य कुटुंबाला करासाठी ओलांडण्याजोगी खरी सीमा राज्याची नाहीच. ती आहे महापालिकेची.

मुळशीतला हिशेब आकड्यांतच पाहू. पुणे शहरात घर घेतलं तर ५ टक्के मुद्रांक शुल्क, १ टक्का स्थानिक संस्थेचा कर आणि एप्रिल २०२२ पासून १ टक्का मेट्रो उपकर, असे ७ टक्के भरावे लागतात. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. ६० लाखांच्या सदनिकेवर हे ४ लाख २० हजार होतात. नोंदणी शुल्क वेगळं. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ही टक्केवारी कमी असते. हा फरक खरेदीदाराला किती महत्त्वाचा वाटतो, ते करोनाच्या काळात दिसलं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत राज्यानं मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली आणि टाळेबंदीनं ओस पडलेल्या दुय्यम निबंधक कार्यालयांत रांगा लागल्या.

दुसरा आकडा जीएसटीचा. बांधकाम चालू असलेल्या घरावर एरवी ५ टक्के जीएसटी आहे, पण घर ‘परवडणाऱ्या’ गटात बसलं तर १ टक्का. पुण्यासारख्या, महानगरांच्या यादीत नसलेल्या शहरांत या गटाची अट अशी: चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. कोथरूड किंवा बाणेरला ४५ लाखांत कुटुंबाला पुरेल असं नवं घर शोधून सापडत नाही. पिरंगुटला किंवा मारुंजीच्या पुढं सापडतं. मग ४५ लाखांच्या घरावर ४५ हजार जीएसटी आणि ५० लाखांच्या घरावर अडीच लाख, असा चमत्कारिक उंबरठा तयार होतो. मर्यादेच्या आतलं घर शोधणाऱ्याची पावलं आपोआप पालिकेच्या हद्दीबाहेर वळतात.

तिसरी गोष्ट दर वर्षीची. ग्रामपंचायतीची पावती पाहिली की शहरातून आलेल्या माणसाला विश्वास बसत नाही. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी मिळूनही ती शहरातल्या तेवढ्याच घराच्या मिळकतकराच्या एका हिश्श्यात बसते. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. १९७० पासूनची ही सवलत मध्यंतरी काढून घेतली गेली होती. मोठ्या ओरड्यानंतर २०२३ मध्ये ती परत आली. मुंबईत तर २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करच माफ आहे. पुण्याला ती माफी नाही. त्यामुळं पुणेकराच्या मनात मिळकतकराचा राग आधीच असतो आणि बिल्डरच्या कार्यालयात ‘इथं ग्रामपंचायतीचा कर आहे’ हे वाक्य त्याला फार गोड लागतं.

इथपर्यंत हद्दीपलीकडचं घर फायद्याचंच दिसतं. पण या हिशेबात पाणी अजून आलेलं नाही.

मुळशी हा पाण्याचा तालुका आहे. ताम्हिणीचा परिसर राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतो. शंभर वर्षांपूर्वी टाटांनी इथं धरण बांधलं ते मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी. त्यात जमिनी जाऊ नयेत म्हणून मावळे १९२१ मध्ये सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले ते याच लढ्यातून. लढा हरला, गावं बुडाली. आजही त्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जातं आणि कुंडलिका नदीतून समुद्राला मिळतं. धरणाच्या पूर्वेला, त्याच तालुक्यातल्या पंधरा-वीस मजली सोसायट्यांच्या दारात मात्र रोज पहाटे टँकर उभे राहतात.

त्याचं कारण प्रशासनाच्या रचनेत आहे. मुळशीच्या या गावांत इमारतीला परवानगी देते पीएमआरडीए, म्हणजे २०१५ मध्ये स्थापन झालेलं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. विकास शुल्क तिथंच जमा होतं. इमारत उभी राहिली की माणसं राहायला येतात आणि त्यांच्या पाण्याची, कचऱ्याची, सांडपाण्याची जबाबदारी पडते ग्रामपंचायतीवर. तिची नळयोजना मूळ गावठाणाच्या लोकसंख्येसाठी आखलेली. हे ठाऊक असल्यानं, पाण्याची सार्वजनिक सोय होईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं. बिल्डर काही काळ टँकर आणतो. मग सोसायटी नोंदवली जाते, कारभार रहिवाशांच्या हाती येतो आणि टँकरचं बिलही. हमीपत्र फाइलीत राहतं.

ज्या कुटुंबानं घरपट्टीत काही हजार वाचवले, त्याचा दर महिन्याचा देखभाल खर्च आता पाहावा. त्यात टँकर आहे, बोअरवेलची वीज आहे, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प चालवणारा ठेकेदार आहे, कचरा उचलणारी खासगी गाडी आहे, कित्येक ठिकाणी फाटकाबाहेरच्या रस्त्यावरचे दिवेही आहेत. शहरात यातल्या बहुतेक गोष्टी मिळकतकरातून भागतात. त्यात आणखी एक फटका आहे, ज्याकडं फारसं कुणी लक्ष देत नाही. देखभाल खर्च दर सदनिकेमागं महिन्याला ७,५०० रुपयांच्या वर गेला आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. महापालिकेचा कर भरणाऱ्याला नळाच्या पाण्यावर जीएसटी नाही. टँकरनं देखभाल खर्च फुगलेल्या मोठ्या सोसायटीला मात्र तो भरावा लागू शकतो. सार्वजनिक सेवा नाही म्हणून स्वतः पैसे खर्च करणाऱ्या नागरिकावर वर आणखी कर लावला जातो, हे सरळसरळ अन्यायाचं आहे.

लवासाचं उदाहरण याच तालुक्यातलं आहे. मोसे खोऱ्यात, मुळशी आणि वेल्ह्याच्या डोंगरांत एका खासगी कंपनीनं अख्खं शहर वसवायचं ठरवलं. रस्ते, पाणी, वीज, सफाई सगळं कंपनी बघणार होती. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, पुढं कर्ज वाढत गेलं आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरं घेतलेल्या लोकांना दाद मागायला नगरसेवक नव्हता. ते दावेदारांच्या यादीत उभे राहिले. पैसे देऊन सगळ्या सेवा विकत घेता येतात, हा समज त्या डोंगरात पुरेसा तपासून झाला आहे.

गावकऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. जमीन विकून काहींच्या हाती पैसा आला हे खरं. पण सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यापुढं जी कामं येऊन पडली, ती एखाद्या नगरपालिकेला झेपणार नाहीत इतकी मोठी आहेत. ग्रामपंचायतीनं घरपट्टी वाढवायची तर जुन्या गावठाणातल्या म्हाताऱ्या बाईच्या घरावरही तिची झळ येते, आणि मतं तिथलीच असतात. नवे रहिवासी मतदार यादीत नाव नोंदवत नाहीत. कित्येकांची नावं अजून मूळ गावी आहेत. कर थोडा भरायचा, मत द्यायचं नाही आणि सेवा शहरासारखी मागायची, हे नव्या रहिवाशांचं वागणंही बरोबर नाही.

जमिनीच्या व्यवहारातही हद्दीची रेघ घुसते. आयकराच्या कायद्यानुसार ग्रामीण शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. मात्र दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या पालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आतली जमीन ‘ग्रामीण’ धरली जात नाही. पालिकेची हद्द पुढं सरकली की हे आठ किलोमीटरचं वर्तुळही सरकतं. शेतकरी जागचा हलत नाही, त्याचं भाताचं खाचरही हलत नाही, पण करमुक्त जमीन एका अधिसूचनेनं करपात्र होऊ शकते.

आणि हद्द सरकते. स्वस्त कर पाहून घर घेणाऱ्यांनी सर्वांत कमी विचारात घेतलेली गोष्ट हीच. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली. ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावं आली आणि पुणे महापालिका क्षेत्रफळानं मुंबईपेक्षा मोठी झाली. या २३ गावांत मुळशीतली तीन होती: बावधन बुद्रुक, सूस आणि महाळुंगे. तिथं ग्रामपंचायतीची घरपट्टी बघून सदनिका घेतलेली कुटुंबं घरात बसल्या जागी शहरात आली.

अशा गावांना एकदम शहराचा कर लावू नये म्हणून कायद्यात टप्प्यांची सोय आहे. फरकाची रक्कम दर वर्षी वीस टक्क्यांनी वाढवत न्यायची. पण ज्या बांधकामांना रीतसर परवानगी नव्हती, त्यांना दंडासह तिप्पट कर येऊ लागला. ग्रामपंचायतीच्या काळात नमुना आठच्या उताऱ्यावर नाव लागलं की घर अधिकृत झालं, असं लोक धरून चालले होते. पालिकेनं नकाशा मागितला. संताप एवढा वाढला की २०२४ मध्ये राज्य सरकारला समाविष्ट गावांतल्या वसुलीला स्थगिती द्यावी लागली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही २०१७ मध्ये आलेली गावं तर पालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद करण्यात आली. त्या मागणीच्या मुळाशीही कराचा बोजाच होता.

लोकांचा राग फक्त आकड्यावर नव्हता. ग्रामपंचायत बरखास्त झाली २०२१ मध्ये. पालिकेतल्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली मार्च २०२२ मध्ये आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती गेला. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे जवळपास साडेचार वर्षं या गावांना ना सरपंच होता ना स्वतः निवडलेला नगरसेवक. करआकारणी मात्र सुरू होती. इतक्या काळात पाणी, सांडपाणी, रस्ते यांत दिसण्याजोगा बदल झाला असता तर लोकांनी कुरकुरत का होईना, कर भरला असता. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येनं सापडले आणि तिथल्या विहिरीतून येणारं पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता घरोघरी पोचत असल्याचं समोर आलं. ही गावं मुळशीतली नाहीत, हवेलीतली आहेत. पण तीही २०२१ च्याच यादीतली. पालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाल्यावरही ज्यांच्या नळाला शुद्ध पाणी येत नव्हतं, त्यांच्याकडून शहराचा कर कोणत्या तोंडानं मागायचा?

हिंजवडीचा प्रश्न यापुढचा आहे. इथं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत रोज लाखांच्या संख्येनं माणसं ये-जा करू लागली. पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे, बाहेरचे काही पीएमआरडीएचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे. शिवाजीनगरला जाणारी २३ किलोमीटरची मेट्रो पीएमआरडीएची. तिचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि नंतर मुदती उलटत गेल्या. कचरा ग्रामपंचायतीचा. पावसाळ्यात रस्त्याची नदी झाली की कुणाला फोन करायचा, हेच रहिवाशांना कळत नाही.

हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे आणि मावळातली गहुंजे, सांगवडे ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, असा प्रस्ताव २०१५ पासून पडून आहे. २०२५ च्या पावसाळ्यात पाणी तुंबल्यावर आयटी कर्मचाऱ्यांनी आणि सोसायट्यांनी त्यासाठी सह्यांची मोहीम चालवली. हे लक्षात घेण्याजोगं आहे. कर कमी म्हणून इथं आलेले लोकच आता ‘आम्हाला महापालिकेत घ्या’ म्हणत आहेत, आणि जास्त कर भरायला तयार आहेत. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पहाटे हिंजवडीची पाहणी केली, तेव्हा इथला आयटी पार्क बंगळूर आणि हैदराबादकडं चालला आहे, ही चिंता त्यांनी गावच्या सरपंचांसमोर उघड बोलून दाखवली. पुढच्याच महिन्यात त्यांनी हिंजवडी, चाकण आणि मांजरी-फुरसुंगी-उरुळी देवाची अशा तीन नव्या महापालिकांची गरज मांडली. कंपन्या राज्य सोडतात त्याचं कारण कर क्वचितच असतं. कर्मचाऱ्याला सहा-सात किलोमीटर जायला दीड तास लागतो, हे कारण पुष्कळ वेळा असतं.

मग उत्तर काय? गावं महापालिकेत ढकलून कराची बिलं पाठवणं, हे २०१७ आणि २०२१ मध्ये करून झालं. त्याचा धडा स्पष्ट आहे. तशीच ती ग्रामपंचायतीत ठेवणंही चालणार नाही, कारण पन्नास इमारतींचं सांडपाणी मुळा नदीत जातं आणि तीच नदी पुढं शहरातून वाहते. आधी पाण्याची वाहिनी, सांडपाण्याची व्यवस्था आणि निवडणुकीची तारीख, मग टप्प्याटप्प्यानं कर, हाच क्रम न्यायाचा आहे. पीएमआरडीएकडं या गावांतून जमा झालेलं विकास शुल्क आहे. ते याच गावांच्या पाण्यावर आणि सांडपाण्यावर खर्च झालं पाहिजे, आणि किती जमा झालं व किती खर्च झालं हे गावनिहाय जाहीर झालं पाहिजे. ही मागणी सरपंचांनी आणि सोसायट्यांनी मिळून करायला हवी. आज ते एकमेकांकडं संशयानं पाहतात.

ज्यांना मुळशीत घर घ्यायचं आहे त्यांनी जरूर घ्यावं. इथली हवा, डोंगर आणि किंमत ही आकर्षणं खोटी नाहीत. फक्त घरपट्टीच्या पावतीवर भाळून निर्णय करू नये. ती आज ना उद्या बदलणार, हे धरूनच चालावं. पीएमआरडीएचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र स्वतः पाहावं, पाण्याच्या हमीपत्राची प्रत मागून घ्यावी, राहायला आल्यावर मतदार यादीत नाव इथं आणावं. आणि बयाणा देण्याआधी शेजारच्या जुन्या सोसायटीच्या सचिवांना गाठून गेल्या मे महिन्यात किती टँकर आले आणि त्यांचं बिल किती झालं, एवढं अवश्य विचारावं.